शिकायचे वय

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. विद्यापीठावर मी बोलावे याचे कुणाला हसू आले तर नवल नाही. पण दार बंद असल्याचे बाहेर राहिलेल्यालाच अधिक कळते, म्हणून चार शब्द बोलते.

आपल्या नाशिकात गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली ते स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. अभ्यास घरी करायचा, तासांना अभ्यासकेंद्रावर जायचे, आणि वय झाले म्हणून कुणाला परत पाठवायचे नाही. एवढी सोय गावात असून आपल्यापैकी कितीजणी तिथे गेल्या?

अडचण आहे, ती मधल्या पायऱ्यांची. पदवीसाठी बारावी किंवा तिच्या तोडीची परीक्षा हवी. माझ्यासारखीने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसावे, मग बारावी, मग पदवी. म्हणजे सहा-सात वर्षे. ऐकून छाती दडपते. पण मुलांच्या शाळेसाठी आपण पंधरा-पंधरा वर्षे डबे भरले, तेव्हा कुणी वर्षे मोजली नाहीत.

लोक म्हणतात, या वयात शिकून काय दिवे लावायचे? २०११ च्या जनगणनेत साठी उलटलेली माणसे देशात दहा कोटींवर होती, आणि त्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त. साठीनंतरही पंधरा-वीस वर्षे काढायची असतात. मुले पुण्याला नाहीतर परदेशी. बँकेचा कागद, औषधाची चिठ्ठी, घराचे दस्तऐवज, सगळे दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे आणि तो दाखवील तिथे सही करायची, ही का म्हातारपणाची शोभा?

मोठ्या वयात शिकणे आपल्याकडे नवे नाही. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनात १९०९ पासून प्रौढ बायका शिकल्या. मुरबाड तालुक्यात फांगणे गावी २०१६ च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून पाटी घेऊन बसल्या. फ्रान्समध्ये तुलूझच्या विद्यापीठाने १९७३ सालीच वृद्धांसाठी वेगळे वर्ग काढले. तिथे नोकरीचा प्रश्नच नव्हता. माणूस जिवंत आहे तोवर त्याचे डोके चालते राहावे, एवढाच हेतू.

विद्यापीठांकडे आपले मागणे मोठे नाही. पुस्तके ठळक अक्षरांत छापावीत. तास दुपारी दोन ते चार ठेवावेत. जिला परीक्षा नको, तिला नुसते बसून ऐकू द्यावे.

घरच्यांकडे एकच मागणे. परीक्षेच्या दिवशी कुकर दुसऱ्या कुणी लावावा. आणि सासूबाईंनी पुस्तक उघडले तर सुनांनी हसू नये. सुनेने उघडले तर सासूबाईंनी भांडी आपटू नयेत.

आता आपल्या मंडळापुढे एक सूचना ठेवते. दर गुरुवारी दुपारी दोन तास अभ्यासवर्ग भरवावा. आपल्यात बी.ए. झालेल्या आहेत, मास्तरीणबाई आहेत, त्यांनी शिकवावे. भिशीतून दरमहा थोडे पैसे बाजूला ठेवून फॉर्मची फी भरावी, म्हणजे कुणाला घरी हात पसरावा लागणार नाही. पहिले नाव माझे लिहा. दुसरे कुणाचे, ते आज चहा होण्याआधी ठरावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.