अभ्यासक्रम आणि मुख्याध्यापक



शाळा म्हटली कीं पालक प्रथम शिक्षकाकडे पाहतात, नंतर निकालाकडे. मुख्याध्यापकाकडे मात्र दाखल्यावर सही हवी असेल तेव्हांच वळतात. वस्तुतः पुस्तकांतलें किती ज्ञान मुलांपर्यंत पोंचणार, हें पुष्कळ अंशीं त्या एका माणसाच्या हातीं असतें. मी स्वतः केवळ मॅट्रिक व शिक्षण-पदविका झालेला. तालुक्याच्या गांवीं एका माध्यमिक शाळेंत पांचवी ते सातवीचे वर्ग शिकविण्यांत माझी नोकरी सरली. मुख्याध्यापकाच्या खुर्चीचा योग आला नाहीं. पण त्या खुर्चीवर बसणारे जवळून पाहिले. त्या अनुभवावरूनच चार शब्द सांगतों.

राज्याचा अभ्यासक्रम सावंतवाडीच्या मुलाला जो, तोच गडचिरोलीच्या मुलाला. काळाचें मापही ठरलेलें आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहावी ते आठवीच्या वर्गांसाठीं वर्षाला किमान २२० दिवस व १००० तास अध्यापन सांगितलें आहे. परंतु कायदा तास मोजून देतो. तो सार्थकीं लागतो कीं वायां जातो, हें शाळेंत ठरतें. आमच्याकडे एक तास ३५ मिनिटांचा. कोणी शिक्षक रजेवर, कोणी सभेस, कोणी निवडणुकीच्या कामावर. अशा कारणांनीं एका वर्गाचे आठवड्यास दोन तास जरी बुडाले, तरी ३० आठवड्यांत ६० तास, म्हणजे घड्याळाचे ३५ तास गेले! वर्षाअखेर धडे उरकण्याची घाई होते, ती यामुळेंच.

आमचे एक मुख्याध्यापक हें जाणून होते. प्रार्थनेपूर्वींच बदली तासांचा कागद त्यांच्या हातचा तयार असे, आणि त्यावर पहिलें नांव स्वतःचें असे. एकदां मी सहावीस अपूर्णांक शिकवीत असतां ते मागच्या बाकावर येऊन बसले. वर्गांत अवाक्षर काढलें नाहीं. सायंकाळीं म्हणाले, "गुरुजी, शिकवलेंत छान. पण माझ्या शेजारचा मुलगा अर्ध्यांत पाव मिळवून दोन छेद सहा लिहीत होता. उद्यां वर्गांत भाकरी घेऊन जा."

मीं म्हटलें, "धडा मागें पडेल."

"पडूं द्या. वेळापत्रक माझ्या हातीं आहे."

त्यांनीं माझा गणिताचा तास शेवटून उचलून प्रार्थनेनंतर ठेवला, व स्वतःचे तीन तास मला दिले. त्या मुलास अर्धी आणि पाव भाकरी शेजारीं मांडतांच उत्तर सांपडलें.

ही रीत नवी नव्हे. १८८० सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलचे आरंभींच्या काळांतील प्रमुख वामन शिवराम आपटे यांना आपण कोशकार म्हणून ओळखतों. पण ते स्वतः संस्कृत शिकवीत, व विद्यार्थ्यांसाठीं संस्कृत रचनेचें पुस्तकही त्यांनीं लिहिलें.

याच्या उलटही मीं पाहिलें. पुढें आलेल्या एका मुख्याध्यापकांच्या काळांत प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणांत असे. "कांच फुटते, वेळ जातो, प्रयोग वहींत उतरवून घ्या," हा त्यांचा शिरस्ता. नववीच्या प्रयोगांचे तास दहावीच्या उजळणीस जात. निकाल उत्तम लागे. एका बदली तासास नववींतल्या एका मुलीनें मला विचारलें, "गुरुजी, निळा लिटमस कागद आम्लांत खरोखरच तांबडा होतो का?" तिच्या वहींत तो प्रयोग सुवाच्य अक्षरांत लिहिलेला होता! मी किल्ली मागावयास गेलों. "तो आपला विषय नव्हे," असें उत्तर मिळालें, आणि मी परत फिरलों. त्या मुलीस मीं सांगितलें, "पुस्तकांत आहे तें खरें मान." शिक्षक म्हणून माझ्या तोंडून निघालेलें याहून वाईट वाक्य मला आठवत नाहीं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत अनुभवांतून शिकण्यावर मोठा भर आहे. तो योग्यच आहे. पण धोरण कितीही उत्तम असलें, तरी कपाट उघडावयाचें कीं नाहीं हें किल्ली ज्याच्या खणांत आहे तोच ठरवितो.

म्हणून पालकांना माझी एक विनंति आहे. मुलाचें नांव घालावयास जाल, तेव्हां निकालाचे आंकडे अवश्य विचारा. पण त्याबरोबर हेंही विचारा, कीं येथील मुख्याध्यापक आठवड्यास किती तास स्वतः शिकवितात, आणि प्रयोगशाळेचें कपाट शेवटचें केव्हां उघडलें होतें.