बाईंच्या चाली आणि घरातलं रेकॉर्डिंग

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातलं भाषण, छापण्यासाठी थोडं नीटनेटकं करून.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'घरच्या घरी गाण्यांचं रेकॉर्डिंग'. दहावी 'ब'मध्ये मला गणितात किती मार्क पडायचे हे ज्यांना माहीत आहे ते सर इथेच बसलेत. मी तांत्रिक विषयावर बोलणार हे ऐकून त्यांना हसू आलं असेल, तर त्यात त्यांची काही चूक नाही. मी जन्मभर बँकेत काउंटरवर बसलो. मोबाइलमध्ये आवाज रेकॉर्ड करायची सोय असते, हेसुद्धा मला चार वर्षांपूर्वी मुलीने दाखवलं.

या उद्योगाला सुरुवात झाली ती पुरामुळे. २२ जुलै २०२१ बद्दल चिपळूणकरांना मी काय सांगणार? आपल्या संगीताच्या बाई तेव्हा पुण्यात मुलीकडे राहायला गेल्या होत्या आणि इथलं घर बंद होतं. चिखल उपसायला गेलेल्या आपल्या मित्रांना भिंतीतल्या कपाटाच्या तळाच्या फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत सहा कॅसेट होत्या आणि भरपूर गाळ. लेबलावरची शाई गेली होती, पण एकीवर बॉलपेनने दाबून लिहिलेलं '८ वी ब' बोटाला लागत होतं.

आपल्याला शुक्रवारचा शेवटचा तास आठवत असेल. बाई पेटी पुढे ओढायच्या आणि मराठीच्या कवितांना स्वतः लावलेल्या चाली शिकवायच्या. त्या चाली कुठल्या पुस्तकात नाहीत, रेडिओवर लागल्या नाहीत, यूट्यूबवर शोधून मिळणार नाहीत. या शाळेच्या चार भिंतींत जन्मल्या आणि त्या सहा कॅसेटमध्ये राहिल्या. मी कॅसेट डोंबिवलीला नेल्या, साध्या पाण्याने धुतल्या, आठवडाभर सावलीत वाळवल्या. एका जुन्या टेपरेकॉर्डर दुरुस्तीवाल्याने फिती काढून नव्या डब्यांत बसवून दिल्या. पाच काही बोलल्याच नाहीत. सहावी चाळीस सेकंद चालली, त्यात बाईंचा आवाज आला, 'मागचा बाक, नुसते ओठ हलवू नका.' मग फीत तुटली.

मागच्या बाकावर मीच होतो.

त्याच रात्री मी आपल्या ग्रुपवर लिहिलं, की ज्याला जी चाल आठवते ती गाऊन पाठवा. सकाळपर्यंत एकतीस व्हॉइस मेसेज आले. एकतिसातले वीस कशाचे आहेत ते कळत नव्हतं. कोणाचा पंखा, कोणाचा मिक्सर, कोणी बाथरूममध्ये उभं राहून गायलेलं, कारण तिथे आवाज 'भारी' लागतो. तिथे घुमतो, भारी लागत नाही. फरशा आवाज परत फेकतात आणि तो घुमारा एकदा रेकॉर्डिंगमध्ये शिरला की पुढे काढता येत नाही. शिवाय व्हॉट्सअॅपचं माइकचं बटण बोलण्यासाठी आहे. ते आवाज दाबून लहान करतं. निरोप कळतो, पण सूर पातळ होतो. म्हणून पहिला बदल हा केला की फोनच्या रेकॉर्डरमध्ये गायचं आणि तयार झालेली फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. डब्ल्यूएव्ही प्रकारात एका मायक्रोफोनचं रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण पाच एमबी होतं. आपल्या कविता दोन-तीन मिनिटांच्या, तेव्हा त्याची चिंता नको.

मग घर. स्टुडिओत भिंतींना जे महागडं अस्तर असतं, त्याचं काम आपल्याकडे गोधड्या करतात. मी कपड्यांचं कपाट उघडतो, त्याच्याकडे तोंड करून बसतो आणि पाठीमागे दाराला दोन गोधड्या टांगतो. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर. फ्रीजही बंद करावा लागतो, कारण त्याची घरघर आपल्याला ऐकू येत नाही पण फोनला येते. मात्र नंतर तो चालू करायला विसरलो, तर रेकॉर्डिंग बाजूला राहतं आणि घरात वेगळंच गायन ऐकावं लागतं. यावर उपाय म्हणून मी घराची किल्ली फ्रीजमध्ये ठेवतो. बाहेर पडताना किल्लीसाठी फ्रीज उघडावाच लागतो. ही युक्ती माझी नाही, रेकॉर्डिंग करणाऱ्या लोकांत ती जुनी आहे. पण माझं लग्न तिने वाचवलंय.

फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला. समोर धरला तर प, फ, भ म्हणताना हवेचा फटका बसतो. टेबलावर पेटी असेल तर त्याच टेबलावर फोन ठेवू नये, भात्याचा धक्का लाकडातून येतो. दुसऱ्या स्टुलावर टॉवेलची घडी घालून ठेवावा. पेटी गळ्यापेक्षा मोठी, म्हणून ती चार फूट मागे. आणि आवाजाची पट्टी लाल रंगात जाऊ देऊ नये. हळू आलेला आवाज मागून वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. गाण्याआधी पाच सेकंद गप्प बसावं. ती शांतता ऑडॅसिटी नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामला दाखवली की खोलीची घरघर कशी असते हे त्याला कळतं आणि तेवढी तो वजा करतो. जास्त वजा केली तर मात्र माणूस हंड्यात तोंड घालून गातोय असं वाटतं. माझी सुरुवातीची रेकॉर्डिंगं तशीच आहेत.

एवढ्यावर आपण बालकवींची 'औदुंबर' घ्यायची ठरवली. ओळी आठ, म्हणून गाणारे आठ, प्रत्येकाला एक ओळ. झूमवर एकत्र गाऊन पाहिलं, पण आवाज पोचायला थोडा वेळ लागतो आणि तो प्रत्येकाचा निराळा. समूहगान सुरू केलं आणि भेंड्या झाल्या. मग मी पेटी आणि तंबोरा काळी चारमध्ये वाजवून एक फाइल सगळ्यांना पाठवली. ती इअरफोनवर ऐकायची, सुरुवातीला एक टाळी वाजवायची आणि आपली ओळ दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करायची. माझ्याकडे आल्यावर टाळीला टाळी जुळवली की सगळे एका वर्गात बसल्यासारखे होतात. नाशिक, दुबई, सांगली, एका वर्गात.

१९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात गौहर जान यांचं रेकॉर्डिंग झालं, तेही हॉटेलच्या खोलीत मांडामांड करून. ग्रामोफोन कंपनीकडून आलेले फ्रेड गैसबर्ग कर्णा लावून बसले होते आणि बाईंना त्या कर्ण्यात गायचं होतं. गाणं संपलं की त्या स्वतःचं नाव इंग्रजीत सांगत, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या माणसांना कोणाचं गाणं आहे हे कळायला हवं. हे वाचल्यावर मी ग्रुपवर फतवा काढला. ओळ संपली की नाव, तुकडी आणि हजेरी क्रमांक सांगायचा. फाइली ओळखायला मला सोपं जावं, एवढाच हेतू होता. पण पंचावन्न वर्षांच्या बायाबापड्यांनी 'हजेरी क्रमांक एकोणचाळीस' म्हटलेलं ऐकताना कसं वाटतं, ते मला सांगता येणार नाही.

आता ते सांगतो, जे मी ग्रुपवर कधी लिहिलं नाही.

'औदुंबर'ची शेवटची ओळ ज्याला दिली होती, त्याला आपण सगळे 'गवई' म्हणायचो. त्याचं घर इथल्या रेल्वे स्टेशनजवळ. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याने ओळ गाऊन फक्त मला पाठवली. सूर एकदम चोख, पण 'औदुंबर' शब्दावर तो लांबवत असताना मागून कोकण रेल्वेच्या इंजिनाचा भोंगा. मी तेव्हा नवा नवा शहाणा झालो होतो. त्याला लिहिलं, 'भोंगा आलाय, परत पाठव.' तो म्हणाला, 'रविवारी पाठवतो, रविवारी घरी निवांत असतो.' आणि मी ती फाइल पुसली. फोनमध्ये जागा नव्हती असंही नाही. खराब माल कशाला ठेवायचा, एवढाच विचार.

त्या शुक्रवारी तो गेला. त्याच्या फोनमधलं सगळं पुसून फोन पुतण्याला दिल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं. वहिनी आज इथे आल्या आहेत. त्यांना मी हे आधी घरी जाऊन सांगितलंय, नाहीतर इथे बोलायचं धाडस झालं नसतं. त्यांनी मला चहा दिला आणि विचारलं, 'भोंगा कितीचा होता? सव्वासहाचा असेल तर तो अंघोळीआधी गायला असणार.'

तेव्हापासून मी काही पुसत नाही. माझ्या संगणकात आपल्या सगळ्यांचं खोकणं, 'थांब थांब परत घेतो', सगळं तारीख घालून ठेवलंय. दोन ठिकाणी, एक माझ्याकडे आणि एक प्रत नाशिकला. 'औदुंबर' जोडताना शेवटच्या ओळीला नुसती पेटी ठेवली. ती ओळ दुसऱ्या कोणाला द्यावी असं सुचवणारे दोघं होते, आणि त्यांचंही चुकलं नाही, कारण कविता अर्धवट वाटते. मला जमलं नाही.

रेकॉर्डिंग कुठे टाकावं याबद्दल थोडं. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कवितेवर हक्क असतो. बालकवी १९१८ मध्ये गेले, म्हणून 'औदुंबर' यूट्यूबवर टाकायला कवितेची आडकाठी नाही. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या कवितेची आपली चाल २०५९ संपेपर्यंत परवानगीशिवाय जगासमोर मांडता येणार नाही. तोवर आपण नव्वदीचे. ती आपल्या ग्रुपवरच राहू दे. राहिल्या चाली. त्या बाईंच्या आहेत, म्हणून बाईंना विचारायला मी गेल्या डिसेंबरात पुण्याला गेलो.

बाई आता ब्याऐंशीच्या आहेत. कानाला यंत्र आहे, त्यामुळे इअरफोन लावता येत नाही. मी फोन त्यांच्या खांद्याजवळ धरला आणि 'औदुंबर' लावलं. प्रत्येक हजेरी क्रमांकाला त्या मान हलवत होत्या. शेवटी नुसती पेटी वाजली तेव्हा त्यांनी विचारलं, 'शेवटची ओळ कोणी का नाही म्हटली?' मी सांगितलं. त्या बराच वेळ खिडकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'तिसऱ्या ओळीची चाल माझी नाही. कोणी बदलली?' मला माहीत नव्हतं. 'मुलांनीच बदलली असेल,' त्या म्हणाल्या. 'राहू दे, बरी आहे.' परवानगीचं विचारल्यावर त्यांनी हातानेच 'टाका, टाका' केलं.

मी उठायला लागलो आणि बाई गुणगुणायला लागल्या. शेवटची ओळ. पंखा चालू होता, आत फ्रीज, खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता. गोधडी नाही, कपाट नाही, फोन चार हात लांब टीपॉयवर. मी बटण दाबलं. बावीस सेकंद.

सूर आपल्या काळी चारपेक्षा बराच खाली आहे. संगणकावर तो वर ओढून जुळवता आला असता. घरघर वजा करता आली असती. मी फक्त टाळीच्या हिशोबाने ती ओळ रिकाम्या जागी नेऊन ठेवली, आणि सात जणांनंतर एकदम खाली उतरलेला तो आवाज येतो. गवयाच्या भावाने ऐकलं तेव्हा तो म्हणाला, 'भंगारवाला ठेवलास ते बरं केलंस.'

आता ती फाइल लावणार आहे. स्पीकर शाळेचाच आहे, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका. दोन मिनिटांपुरते पंखे बंद करता आले तर बरं होईल. आणि जेवणानंतर मी जुन्या आठवी 'ब'च्या वर्गात पेटी घेऊन बसणार आहे. अकरा कविता अजून राहिल्यात. ज्यांना एखादी ओळ जरी आठवत असेल त्यांनी यावं, फोन फ्लाइट मोडवर टाकून. मागच्या बाकावर मी असेन.