द्राक्षबागेची काडी गांडुळांच्या तोंडी

द्राक्षांचा हंगाम आटोपला की एप्रिलमध्ये नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे खरड छाटणी सुरू होते. एक-दोन डोळे राखून बाकी काडी खाली येते. बांधावर ढीग लागतात आणि पुष्कळ ठिकाणी त्या काडीला काडी लावून बागायतदार मोकळा होतो. पुढे तोच घासाघीस करून बाहेरून ट्रॉलीने शेणखत आणतो!

हा कचरा गांडुळे खातात, मात्र ताजा नाही. जून काडी आधी यंत्रात बारीक करायची, पाला आणि शेण मिसळून ओलसर ढिगात मुरवायची. धग निवली की सावलीतल्या वाफ्यात आयसेनिया फेटिडा किंवा मूळची आफ्रिकेतली युड्रिलस या जातीची गांडुळे सोडतात. वर ओले गोणपाट. मूठभर माल दाबला तर हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. नाशिकच्या मे महिन्यात छप्पर नसेल तर गांडुळे टिकत नाहीत. मुंग्या, कोंबड्या आणि घुशी टपलेल्या असतात त्या वेगळ्याच. मुरलेल्या मालाचे दीड-दोन महिन्यांत खत होते, म्हणजे ऑक्टोबर छाटणीला खत घरचे.

काढणीची युक्ती पाहण्यासारखी आहे. चार-पाच दिवस पाणी तोडतात आणि उजेडात खताचे निमुळते ढीग करतात. उजेड चुकवत गांडुळे तळाशी जातात. वरचे चहाच्या भुकटीसारखे खत हाताने ओढून घेता येते.

ही गांडुळे कचऱ्याच्या थरात राहणारी. शेतात सोडली की ती जमीन नांगरतील, ही समजूत चुकीची. ते काम खोल बिळे करणाऱ्या जातींचे. गांडुळे माती कशी उलथतात, यावर चार्ल्स डार्विनने १८८१ साली अख्खे पुस्तक लिहिले.

वाफ्यात जास्तीची झालेली गांडुळे कोंबड्यांना, माशांना चालतात. वाळवलेल्या गांडुळात साधारण ६० टक्के प्रथिने असतात. पण जिवंत गांडुळात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच. दहा किलो गांडुळे वाळवली तर हाती जेमतेम दोन किलो लागतात. तेव्हा परसातल्या कोंबड्यांना पूरक खाद्य म्हणून ठीक, त्यावर पोल्ट्री चालवण्याच्या गप्पा नकोत.

द्राक्षवाल्यांसाठी एक पथ्य. केवडा या रोगावर बोर्डो मिश्रण फवारले जाते. त्यातले तांबे पाल्यावर आणि मातीत राहते. जास्त झाले तर गांडुळांना सोसत नाही, शिवाय त्यांच्या अंगातही साठते. म्हणून आधी टोपलीभर मालात थोडी गांडुळे सोडून बघा. ती बाहेर पळू लागली तर तो माल वाफ्यात भरू नका. आणि कोंबड्यांसाठी गांडुळे हवी असतील, तर शेण व भाजीपाल्याच्या कचऱ्याचा वाफा वेगळा ठेवा.