धरण किती भरायचे आणि कधी



जलअभियंत्यांची मराठी परिषद हैदराबादेत भरते, तेव्हा अध्यक्षाने पहिले नाव मुसी नदीचे घ्यायला हवे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी या नदीने शहराचा घास घेतला. मृतांचा आकडा पंधरा हजारांच्या घरात सांगितला जातो. अफझलगंजच्या दवाखान्याजवळचे चिंचेचे झाड तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्या दिवशी दीडशेच्या आसपास माणसे त्याच्या फांद्यांना धरून राहिली आणि वाचली. शायर अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी मात्र पुराने नेली.

पुढच्या वर्षी निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. पुण्यात शिकलेला, मुंबई इलाख्याच्या नोकरीत मुरलेला, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारा हा अभियंता इथे आला आणि त्याने आधी मोजणी केली. शहराच्या वरच्या पाणलोटात ७८८ तलाव होते आणि त्यांतले २२१ फुटले होते. एकाखाली एक अशी ही तळ्यांची साखळी. वरचे फुटले की त्याचे पाणी खालच्यावर आदळायचे, मग तेही जायचे. म्हणजे शहरावर आलेले पाणी केवळ आभाळातून पडलेले नव्हते. हे समजल्यावरच उपाय सुचला. मुसीवर उस्मानसागर १९२० साली पुरा झाला, ईसीवर हिमायतसागर १९२७ साली.

मला आज ज्या अडचणीबद्दल बोलायचे आहे, ती याच दोन तलावांत आहे. ते पूर अडवायला बांधले आणि नंतर शहराला पाणी पाजू लागले. पूर अडवायचा तर तलाव रिकामा हवा; तहान भागवायची तर तो काठोकाठ हवा. दसऱ्याला धरण भरलेले हवे आणि श्रावणात त्यात जागा हवी, ही ओढाताण आपल्यापैकी ज्यांनी द्वारचालनाची जबाबदारी घेतली आहे, त्यांनी रात्र रात्र जागून अनुभवली आहे. तिचा निवाडा करू शकेल अशी एकच गोष्ट आहे: पुढच्या काही दिवसांत येवा किती येणार, याचा अंदाज.

ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेले. त्या आधीच्या पावसाने माती तुडुंब भिजली होती. जूनमध्ये कोरड्या जमिनीवर शंभर मिलिमीटर पडले तर त्यातला मोठा वाटा जमीन पिऊन घेते. तेवढाच पाऊस ऑगस्टमध्ये भिजल्या जमिनीवर पडला की जवळजवळ सगळा ओढ्याला लागतो. त्यातच कोयनेसारखे १०५ टीएमसीचे धरण भरत आलेले, म्हणजे येवा थोपवायला जागा उरत नाही. खालच्या अंगाच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद अजून संपलेला नाही, मी आज त्यात शिरत नाही. मला प्रश्न पडतो तो आपल्या बाजूचा. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी ताज्या मोजणीवर चालणारी पूरअंदाज प्रणाली आपल्या जलसंपदा विभागाने त्याआधीच उभारली होती. मग अंदाज हाताशी असतानाही दरवाजा उचलायला हात का कचरतो?

कारण आपल्या व्यवस्थेने शिक्षा एकाच बाजूला ठेवली आहे. पाणी आधी सोडले आणि पाऊस फसला, तर उन्हाळ्यात त्या अधिकाऱ्याला जाब विचारला जातो. पाणी धरून ठेवले आणि पूर आला, तर तो निसर्गाचा कोप ठरतो. अशा स्थितीत शहाणा माणूस वाट पाहतो. त्याला मी दोष देणार नाही. अमुक इतकी शक्यता असेल तर अमुक इतका विसर्ग, असा लेखी नियम आपण त्याच्या हातात दिलेला नाही, हा दोष आपला सर्वांचा आहे.

आता गोदावरीकडे येतो. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटले, वैनगंगा फुगली, गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत हाहाकार झाला. वैनगंगेचे हेच पाणी प्राणहितेतून तेलंगणात उतरते. भद्राचलमला तिसरा इशारा ५३ फुटांवर दिला जातो. जुलै २०२२ मध्ये गोदावरी तिथे ७१ फुटांपुढे गेली. विदर्भातला थेंब भद्राचलमला पोहोचायला दिवस लागतात. एवढी उसंत डोंगरी नद्यांच्या काठच्या माणसांना कधीच मिळत नाही, आणि ती आपण राज्यांच्या सीमेवर पत्रव्यवहारात घालवतो. प्राणहितेकाठच्या सिरोंचाची पाणीपातळी खालच्या गावाला वरच्या अधिकाऱ्याइतकीच लवकर कळली पाहिजे, आणि ती गावाच्या भाषेत, गावाच्या नदीकाठच्या फूटपट्टीच्या फुटांत कळली पाहिजे. क्युसेकचा आकडा ऐकून कुणी गुरे सोडत नाही. पाणी देवळाच्या कितव्या पायरीला लागणार, हे कळले की सोडतो.

नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर वर उचललेले ठेवायचे असतात. निकालाचा मी आदर करतो. पण हा नियम तारखेला बांधलेला आहे, आणि मोसमी पाऊस तारखा पाळेनासा झाला आहे. हवामान खात्यानेच २०२० साली पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या सरासरी तारखा बदलल्या. वायव्य भारतातून परत फिरण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. धरणे भरण्याच्या आपल्या बहुतेक वेळापत्रकांची पाळेमुळे मात्र जुन्या पावसात आहेत.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्याच काळात देशाच्या मोसमी पावसाची एकूण बेरीज मात्र घटली. पाऊस कमी आणि धो धो जास्त, अशा काळात जुनी सरासरी धरून बसणे मला धोक्याचे वाटते.

त्याच संस्थेत विकसित झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम २०२५ मध्ये सुरू झाली. ती सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते. मोठीच झेप आहे. तरी सह्याद्रीच्या एका धारेच्या दोन्ही अंगांना पडणारा पाऊस सहा किलोमीटरमध्ये किती बदलतो, हे महाबळेश्वर आणि वाई पाहिलेल्याला सांगायला नको. आणि पन्नास वर्षांपुढच्या हवामानाची प्रारूपे तर एकाच उपखोऱ्यासाठी परस्परांशी न जुळणारी उत्तरे देतात. म्हणून ती गुंडाळून ठेवा, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. उत्तरे वेगवेगळी असतील तर ती सगळी घ्या, आणि प्रत्येक भविष्यात आपला सांडवा पुरतो का, पिण्याचे पाणी जूनपर्यंत टिकते का, हे तपासा. बहुतेकांत जे वेळापत्रक तगते, ते स्वीकारा. शासनापुढे एकच गोंडस आकडा ठेवून पुढची अनिश्चितता लपवणे ही मी व्यावसायिक अप्रामाणिकता मानतो.

या परिषदेने तीन ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. मोठ्या धरणांची परिचालन सूची दर पाच वर्षांनी नव्या पावसावर तपासली जावी. प्रत्येक मोठ्या विसर्गाच्या नोंदीशेजारी त्या वेळी हाती असलेला अंदाज लिहिला जावा आणि पावसाळा संपल्यावर ती वही लोकांसाठी खुली व्हावी. आणि लेखी नियमानुसार, अंदाजावर विसंबून आधी पाणी सोडणाऱ्या अधिकाऱ्याला, पाऊस फसला तरी, चौकशीपासून संरक्षण मिळावे. तिसऱ्या ठरावाला विरोध होईल, याची मला कल्पना आहे. दुपारच्या सत्रात मी तो स्वतः मांडणार आहे.