वार्धक्य आणि थकलेला पहारेकरी



‘वय झाले, असे व्हायचेच’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. त्यामागचे शास्त्र मात्र जाणून घेतले पाहिजे.

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिचे कार्य १९६१ साली जॅक मिलर यांनी उलगडले. रोगजंतू ओळखणाऱ्या टी-पेशी तेथेच तयार होतात. वयाबरोबर ही ग्रंथी आक्रसते, तिची जागा चरबी घेते. नवे शिपाई घडेनासे होतात आणि पहारा ढिला पडतो. मग बालपणीच्या कांजिण्यांचा दडलेला विषाणू नागीण होऊन उफाळतो; सुप्त क्षयही जागा होतो.

विरोधाभास असा की, हीच यंत्रणा उतारवयात विनाकारण धुमसतही राहते. या मंद दाहाला इटलीच्या क्लॉदिओ फ्रांचेस्की यांनी २००० साली ‘इन्फ्लमेजिंग’ असे नाव दिले. हृदयविकार आणि मधुमेह यांच्याशी त्याचा संबंध आढळतो.

वृद्धांचा न्यूमोनिया अनेकदा तापाविनाच येतो. अन्नावरची वासना उडते, बोलण्यात गोंधळ होतो, एवढेच दिसते. ते वयावर ढकलले, की घात होतो. त्वरित वैद्यकीय सल्ला, वेळेवर लस आणि नित्य चालणे, हीच थकलेल्या पहारेकऱ्याला कुटुंबाची खरी साथ होय.