बुलढाण्याची बातमी

बुलढाणा जिल्ह्याचे तालुके तेरा आणि तोंडं दोन. एक घाटावरचं, दुसरं घाटाखालचं. वर्तमानपत्रं मात्र दोन्हीकडे बरीचशी अकोल्याचीच वाचली जातात. 'देशोन्नती' तिथलीच. 'लोकमत'चं बुलढाण्याचं पानही लोक आधी उघडतात. रेडिओवर घाटाखाली अकोल्याबरोबर जळगाव केंद्रही ऐकू येतं.

दूरचित्रवाणीचे कॅमेरे मात्र एरवी इकडे फारसे फिरकत नाहीत. अक्षय्य तृतीयेला ते हमखास येतात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला. संध्याकाळी शेतात घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस-पिकांचं भाकीत सांगतात. सूर्य वर येईपर्यंत ते राज्यभर पोचलेलं असतं. त्याला शास्त्रीय आधार नाही, हे वाक्य बातमीत असलंच तर शेवटी!

स्थानिक बातमीदारीची खरी कसोटी २०२५च्या जानेवारीत लागली. शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. स्थानिक बातमीदारांनी ते लावून धरलं, तेव्हा देशभर चर्चा झाली आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक गावात आलं. समाजमाध्यमांवर मात्र कारणांचा नुसता सुकाळ होता.

तेव्हा श्रोतेहो, भेंडवळचं भाकीत हौसेनं ऐका. पण पेरणीची तारीख ठरवण्याआधी हवामान खात्याचा अंदाज जरूर ऐका.