लिलावातली खुर्ची

रायपूरच्या जुन्या वस्तीत तात्यापारा नावाचा एक भाग आहे. ‘पारा’ म्हणजे छत्तीसगढी बोलीत वस्ती, मोहल्ला. ‘तात्या’ हे संबोधन मात्र अस्सल मराठी. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाबरोबर मराठी माणूस या प्रदेशात आला आणि येथलाच झाला. त्याच्या घरात बसण्याची साधने म्हणजे पाट, सतरंजी, लोड-तक्के आणि झोपाळा. खुर्ची मागाहून आली, तीही कचेरीच्या वाटेने. चामड्याने मढवलेली खुर्ची तर सोवळ्याच्या घरात माजघराचा उंबरा ओलांडूच शकत नसे. ती बाहेरच्या खोलीत, वकिलाच्या वा डॉक्टरच्या टेबलामागे, रुबाबाने बसे.

‘खुर्ची’ हा शब्द अरबीतून आला, ‘लिलाव’ पोर्तुगीजांकडून. आज हे दोन्ही पाहुणे एकत्र आले आहेत. १९५० च्या सुमाराची खुर्ची लिलावात दिसली की जाणते लोक थबकतात. याचे कारण केवळ जुन्याची हौस नव्हे. त्या दशकात खुर्चीचा नव्याने विचार झाला. अमेरिकेत चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने १९५६ साली वाकवलेल्या लाकडी कवचात चामड्याच्या गाद्या बसवून आपली प्रसिद्ध आरामखुर्ची सिद्ध केली. हेच दांपत्य १९५८ मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले आणि त्यांनी आपल्या अहवालात आपल्या साध्या लोट्याची घडण मुक्तकंठाने वाखाणली!

परंतु या विषयातली खरी बोधकथा चंदीगढची आहे. १९५१ मध्ये पिएर जानरे हा स्विस वास्तुकार आपला चुलतभाऊ ल कॉर्बुझिए याच्याबरोबर ते नवे शहर उभारण्यास आला आणि १९६५ पर्यंत तेथेच राहिला. त्याच्या देखरेखीखाली कचेऱ्यांसाठी सागाच्या, शिसवीच्या, वेताने विणलेल्या खुर्च्या घडल्या. उच्च न्यायालयासाठी चामड्याने मढवलेल्याही झाल्या. त्या घडवल्या स्थानिक सुतारांनी. पुढे वेत फाटला, चामडे तडकले आणि या खुर्च्या गच्चीवर व अडगळीत जाऊन पडल्या. अखेर जुने सामान म्हणून सरकारी लिलावात त्या कवडीमोलाने विकल्या गेल्या. ते घेणाऱ्यांत परदेशी व्यापारीही होते. त्यांनी त्या दुरुस्त केल्या, आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क येथील लिलावांत त्याच खुर्च्यांची बोली लाखांवर गेली.

कायदा या प्रकरणी फारसा उपयोगी पडला नाही. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार सामान्यतः १०० वर्षे पूर्ण झालेली वस्तूच पुरावस्तू ठरते. पन्नाशीतल्या खुर्चीला ते संरक्षण कोठून मिळणार? २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या फर्निचरच्या विक्रीस मनाई केली, तोवर पुष्कळ माल देशाबाहेर गेला होता.

म्हणून अशी खुर्ची घेऊ इच्छिणाऱ्याने आधी तिला उलटी करून पाहावे. पुढची बाजू विक्रेत्याची असते, खालची बाजू खरे बोलते. सांधे, खिळे, जुन्या दुरुस्तीच्या खुणा, कचेरीने रंगवलेला नोंदक्रमांक, हे सारे तेथे वाचता येते. क्रमांकही नवा रंगवता येतो, हे विसरू नये. खऱ्या चामड्यावरची छिद्रे एकसारखी नसतात, आणि ते हातांवर व बैठकीच्या कडेला अधिक झिजते. सर्वत्र सारखीच झीज दिसली तर शंका घ्यावी. चामडे बदललेले असणे हा दोष नव्हे; तसे न सांगणे हा दोष. शेवटी, हातोडा पडतो ती पूर्ण किंमत नसते. लिलावगृहाचा आकार, कर आणि वाहतूक तीवर चढते. आपला आकडा घरीच ठरवून निघावे. बोलीच्या भरात माणूस खुर्चीऐवजी ईर्षा विकत घेतो.

मराठी माणसाला हातोड्याचा तो आवाज नवा नाही. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि राजवाड्यातील चीजवस्तूंचा लिलाव झाला. हत्ती-घोडे सीताबर्डीवर विकले गेले, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून पहिल्या रघूजींची तलवार सोडवून घेतली. त्यासाठी सर्व खर्चासह सुमारे ४७ लाख रुपये मोजावे लागले.

नागपूरची दौलत परक्या सत्तेने विकली. चंदीगढच्या खुर्च्या आपल्याच हातांनी विकल्या. पहिल्या प्रसंगी इलाज नव्हता, दुसऱ्या प्रसंगी केवळ पाहणारा डोळा नव्हता. तात्यापाऱ्यातल्या एखाद्या घरात, आजोबांच्या मागे, तडकलेल्या चामड्याची खुर्ची आजही भंगारवाल्याची वाट पाहत उभी असेल. तो दारात येण्यापूर्वी घरच्या कोणी तिला एकदा उलटी करून पाहिली, तर बोली लावण्याची वेळ नातवावर येणार नाही.